वळूची 'प्रजननक्षमता', 'फलनक्षमता' की आणखी काही?

खाडीकाठ (ठाणे पूर्व)
मुरबाड-शहापूरकडच्या गोठ्यांसाठी वळूंच्या माहितीपत्रकाचं मराठी चाललं आहे. मूळ तक्त्यात 'सायर कन्सेप्शन रेट' असा रकाना आहे, खाली +२.१, −१.४ असे आकडे. मसुद्यात 'वळूची प्रजननक्षमता' होतं, मुद्रितशोधकांनी ते 'वळूचे पौरुष' केलं! पौरुष नको, एवढं नक्की. पण प्रजननक्षमता तरी बरोबर का? शेजारी 'एचएच १ कॅरिअर' (होल्स्टीन जातीतला एक आनुवंशिक दोष अंगात असलेला) आहे, त्याला 'वाहक' चालेल का?

मात्रावेलांटी
'फलनक्षमता' घ्या. प्रजननात माज, वेत, वासरू सगळंच येतं. इथे प्रश्न रेतनानंतर गाय गाभण राहिली की नाही एवढाच आहे.

गोठाघर
आधी आकडा काय सांगतो ते बघा. सरासरी वळूच्या १०० रेतनांतून ३५ गाई गाभण राहत असतील, तर +२.१ वाल्याच्या साधारण ३७ राहतील. म्हणजे ही तुलना आहे, क्षमता नव्हे. शिवाय अमेरिकेत २००८ पासून दिला जाणारा हा आकडा प्रत्यक्ष रेतनांच्या निकालावरून काढतात, त्यामुळे शीर्षकात 'आनुवंशिक' अजिबात घालू नका. सरळ 'गाभण राहण्यातला फरक (टक्के)' लिहा.

मात्रावेलांटी
रकान्याच्या डोक्यावर अख्खं वाक्य? परिभाषा आटोपशीर हवी.

पाणथळ
गोठ्यात 'फळणे' आहे की! गाय फळली, म्हैस फळवून आणली. फळ आणि फलन एकाच घरचे, मग संस्कृताच्या दारात कशाला जायचं?

गोठाघर
'फळवली' म्हणजे कुणाकडे नुसती वळूला दाखवली, तर कुणाकडे गाभण ठरली. जिथे नेमका फरक मोजायचाय तिथे असा शब्द घात करेल. पक्का शब्द 'उलटणे'. २१ दिवसांच्या आसपास पुन्हा माजावर आली की उलटली.

पाणथळ
मग 'न उलटण्याचं प्रमाण' लिहा, मिटलं.

गोठाघर
मिटलं नाही. तो 'नॉन-रिटर्न रेट', वेगळं मोजमाप. ५६ दिवसांत पुन्हा रेतनाची नोंद झाली नाही की गाय 'न उलटलेली' धरतात. दरम्यान विकली गेलेली, मुका माज केलेली (माजाची लक्षणं न दाखवलेली), सगळ्या त्यातच. गाभण तपासणीचा आकडा नेहमी त्याहून कमी येतो.

शुक्रवार पेठ ते घोडबंदर
'वीर्याची गुणवत्ता' असं कुणी सुचवायच्या आत सांगतो, तो शब्द इथे साफ चुकेल. फ्लेकव्ही या गाईंच्या जातीत टीएमईएम ९५ या जनुकाचा दोष २०१४ साली उजेडात आला. ज्या वळूत त्याच्या दोन्ही प्रती बिघडलेल्या, त्याचं रेत सूक्ष्मदर्शकाखाली उत्तम दिसतं : संख्या ठीक, हालचाल ठीक, आकार ठीक. पण १०० रेतनांत दोनही लागत नाहीत, कारण शुक्रजंतू बीजांडापर्यंत जाऊनही फलन करत नाही. गुणवत्ता आहे, फलन नाही.

एचएच १ चं बरोबर उलटं. हा दोष ५व्या गुणसूत्रावरच्या एपॅफ १ जनुकात, १९६२ साली जन्मलेल्या पॉनी फार्म आर्लिंडा चीफ या होल्स्टीन वळूपासून जगभर पसरलेला. वाहक वळूचं, म्हणजे ज्याच्या दोनपैकी एकच प्रत बिघडलेली त्याचं, फलन व्यवस्थित होतं. मात्र गाईही वाहक असेल तर सरासरी चारातला एक गर्भ दोन्हीकडून दोष घेतो आणि मरतो. वाहक नसलेल्या गाईला तोच वळू लावा, या कारणाने एकही गर्भ जाणार नाही. म्हणजे हा दोष वळूपेक्षा जोडीचा आहे.

खाडीकाठ
म्हणूनच 'वाहक' अडतोय. शेतकऱ्याला वाहक म्हणजे एसटीतला तिकीटवाला, नाहीतर रोग घेऊन फिरणारा. वळू बाद समजून रेत परत पाठवतील.

पाणथळ
'दोष लपलेला' लिहा. खाली एक ओळ : 'याच वळूच्या मुलींना, नातींना हे रेत भरू नये.'

मात्रावेलांटी
ती ओळ दोष नसलेल्या वळूलाही लागू आहे. सगोत्र पैदास कुठल्याच वळूची नको. 'वाहक' जीवशास्त्रात रूढ आहे, तोच ठेवा. वापराने कळतो शब्द.

रेतकांडी
दोन टक्क्यांवर एवढा खल, आणि तेवढे टक्के गोठ्यातच सांडतात! कॅनिस्टर (कांड्यांचा डबा) द्रव नायट्रोजनच्या कंटेनरच्या गळ्यापर्यंत उचलून गोठवलेल्या रेताची कांडी शोधत बसतात, ती तळहातावर चोळून वितळवतात. खरं तर ती ३७ अंशांच्या पाण्यात ३० सेकंद धरायची, मग कोरडी पुसायची. पुसली नाही तर कापताना पाण्याचा थेंब आत जातो आणि शुक्रजंतू मरतात. मग 'वळूत दम नाही' म्हणायला सगळे मोकळे. पत्रकात हेही घाला.

कल्याण खाडी
एक शंका. आपल्याकडच्या तबेल्यांत म्हशीच जास्त. त्यांना हा तक्ता कसा चालेल?

शुक्रवार पेठ ते घोडबंदर
नाही चालणार. गाईची गुणसूत्रं ६०, मुऱ्हा म्हशीची ५०. एचएच १ हा होल्स्टीनचा मामला, तो संकरित गाईंपुरता बघायचा. पत्रकावर 'फक्त गाईंसाठी' ठळक छापा.

पाणथळ
आणि म्हशींचं पत्रक निघेल तेव्हा वर काय छापाल? रेडा, हल्या की टोणगा?

मात्रावेलांटी
रेडा. टोणगा ही शिवी आहे.

रेतकांडी
शिवी नंतरची. आधी तो जनावराचाच शब्द.

कल्याण खाडी
हल्या तर कामाचा, ओझ्याचा. पैदाशीच्याला हल्या म्हणतात कुठे?