मदत हवी आहे: प्रौढांच्या साहित्य-संस्कृती वर्गात चर्चा होतच नाही

प्रौढांसाठी साहित्य आणि संस्कृतीवरचा चर्चावर्ग कसा आखावा, याबद्दल माहीतगारांचा सल्ला हवा आहे.

वर्ग आठवड्यातून एकदा, दीड तासाचा. चौदा जण, वयं तिशीपासून सत्तरीपर्यंत. परीक्षा नाही, गुण नाहीत. एका आठवड्यात कथा किंवा कविता आणि पुढच्या आठवड्यात एखादा सांस्कृतिक विषय, असा क्रम आहे. अडचणी अशा:

१. निम्मे लोक वाचून येत नाहीत.
२. तिघे-चौघेच बोलतात, बाकीचे माना डोलावतात.
३. "कथा कशी वाटली?" विचारलं की "छान होती", आणि पुढे शांतता.
४. संस्कृतीचा विषय असला की दहा मिनिटांत सगळे "आमच्या वेळी असं नव्हतं"वर येतात.

सुरुवातीला अर्धा तास व्याख्यान दिलं तर फरक पडेल का?

प्रतिसाद १

तिसऱ्या अडचणीपासून सुरुवात करतो, कारण बाकीच्या बऱ्याच अंशी तिच्यातूनच निघतात.

"कशी वाटली?" हा प्रश्न कथेबद्दल नाहीच, तो वाचणाऱ्याबद्दल आहे. एका शब्दात उत्तर देऊन माणूस मोकळा होतो. शिकागोत १९४७ साली सुरू झालेल्या ग्रेट बुक्स फाउंडेशनच्या वाचनगटांत प्रश्नांचे तीन प्रकार मानतात: उत्तर मजकुरातच सापडतं तो, अर्थ लावावा लागतो तो आणि स्वतःचं मत मागणारा तो. चर्चा उभी राहते ती मधल्या प्रकारावर. त्यातही अट अशी की, विचारणाऱ्याचं स्वतःचं उत्तर पक्कं ठरलेलं नसावं. ठरलेलं असलं की लोकांना ते वासावरून कळतं आणि ते तुमच्या मनातलं उत्तर ओळखायच्या मागे लागतात.

उदाहरणादाखल एक कथा धरा. वडील गेल्यावर मुलगी जुन्या घरी येते, कुलूप उघडते, पण आत जात नाही. पुन्हा कुलूप लावते आणि किल्ली शेजारणीकडे देऊन निघते. "किल्ली कुणाकडे दिली?" हा पहिला प्रकार, फक्त पान उघडायला लावण्यापुरता. "आत जायचं नव्हतं तर कुलूप उघडलं कशाला?" हा दुसरा. "तिनं असं वागायला नको होतं, नाही का?" हा तिसरा. तिसरा आधी विचारलात तर दोन मिनिटांत सगळे मुलीचा न्यायनिवाडा करायला लागतात आणि पान कुणी उघडत नाही.

प्रश्न तपासायची रीत सोपी आहे. तो कागदावर लिहा आणि मजकुरातून दोन वेगळी उत्तरं काढून पाहा, प्रत्येकाला आधाराची एक तरी ओळ हवी. एकच उत्तर निघालं तर ती तोंडी परीक्षा झाली. एकाही उत्तराला ओळ सापडत नसेल तर नुसत्या गप्पा होतील. दीड तासाला असा एक मुख्य प्रश्न आणि ठरावीक ओळींशी बांधलेले चार-पाच उपप्रश्न पुरतात. बाराची यादी नेलीत तर तुम्ही यादी संपवायच्या घाईत राहाल.

प्रश्न विचारल्यावर थांबा. मेरी बड रो या अमेरिकी संशोधिकेनं विज्ञानाच्या वर्गांत मोजलं होतं की शिक्षक उत्तरासाठी सरासरी सेकंदभरच थांबतात. ते तीन सेकंद किंवा जास्त थांबले तेव्हा उत्तरं लांबली आणि एरवी गप्प बसणारेही बोलू लागले. तिथं मुलं होती. मोठ्यांच्या वर्गात, विशेषतः कवितेला, मी आठ-दहा सेकंद धरीन. त्या वेळात चेहऱ्यांकडे न बघता पानाकडे बघा. न राहवून दोनदा स्वतःच उत्तर दिलंत की तिसऱ्या वेळी कुणी बोलायच्या भानगडीत पडत नाही.

प्रतिसाद २

वाचून येण्याची अपेक्षाच काढून टाका. नोकरी-घर सांभाळून येणाऱ्यांना गृहपाठ म्हणजे न येण्याचं कारण. तीन-चार पानांचा मजकूर आणा आणि वर्गातच मोठ्यानं वाचा. एका छापील पानाला साधारण अडीच-तीन मिनिटं लागतात, म्हणजे दहा-बारा मिनिटांत सगळे एका पातळीवर येतात. कथा लांब असेल तर तिचा एकच प्रसंग घ्या. आधीचं पाच ओळींत सांगता येतं.

कागदावर टाइप १४-१६ पॉइंटचा हवा आणि दर पाच ओळींना समासात क्रमांक हवा. हा क्रमांक फार कामाचा आहे. "ओळ २५ बघा" म्हटलं की चर्चा मजकुरावर परत येते. एरवी प्रत्येक जण वेगळ्याच जागेबद्दल बोलत असतो. वाचायला कुणाला अचानक उठवू नका. चष्मा विसरलेला असतो, कुणाचं वाचन अडखळत असतं, आणि तो माणूस पुढच्या आठवड्यात येत नाही. आधी विचारून ठेवा. कविता दोनदा वाचा, दोन वेगळ्या आवाजांत.

कवितेवरचं कवीचं नाव झाकून पाहा. इंग्रज समीक्षक आय. ए. रिचर्ड्स यांनी केंब्रिजमध्ये विद्यार्थ्यांबरोबर हेच केलं होतं, त्यावरचं त्यांचं पुस्तक १९२९ सालचं. नाव दिसलं की लोक कवीबद्दल ऐकलेलं सांगतात, झाकलं की ओळी वाचतात. पण नाव का झाकलंय ते आधीच सांगा, नाहीतर शेवटी ते कळल्यावर "आम्हाला फसवलंत" अशी भावना होते.

न बोलणाऱ्यांसाठी: वाचनानंतर तीन मिनिटं मुकाट्यानं लिहिणं, मग सात मिनिटं जोडीत बोलणं, मग सगळ्यांत. अमेरिकी शिक्षणतज्ज्ञ फ्रँक लायमन यांनी १९८१ साली मांडलेली मूळ पद्धत (आधी एकट्यानं विचार, मग जोडी, मग सगळे) शाळेसाठी होती, पण मोठ्यांना ती जास्त लागू पडते. एकदा शेजाऱ्यासमोर बोलून झालेलं वाक्य बारा जणांसमोर बोलायला जड जात नाही. लिहिण्याचा टप्पा मात्र गाळू नका. तो गाळला की जोडीतही बोलका माणूसच बोलतो.

बसायला पूर्ण गोल हवा. जास्त बोलणाऱ्याला तुमच्या शेजारी बसवा, समोर नको. नजरानजर कमी झाली की त्याचं बोलणंही कमी होतं. गप्प राहणारे समोर.

प्रतिसाद ३

व्याख्यानाबद्दल वर कुणी लिहिलं नाही म्हणून. अर्धा तास अजिबात नको. तुम्ही आधी अर्थ सांगितलात की लोक मजकुरात तोच शोधतात. पार्श्वभूमी पहिल्या वाचनानंतर, पाच मिनिटं, तीही कुणी विचारली तर.

प्रतिसाद ४

याला थोडा विरोध. जुन्या भाषेतला किंवा दूरच्या समाजातला मजकूर असेल तर काळ, ठिकाण आणि सहा-आठ शब्दांचे अर्थ कागदाच्या डोक्यावर आधीच हवेत. नाहीतर चाळीस मिनिटं शब्दार्थात जातात आणि ते शब्द माहीत असलेल्या दोघांचंच व्याख्यान सुरू होतं.

धागाकर्ता

आभारी आहे. साहित्याचं लक्षात आलं. पण संस्कृतीच्या तासाला वाचायला मजकूर नसतो, नुसता विषय असतो: लग्न, स्थलांतर, पाहुणचार. तिथं काय करावं?

प्रतिसाद १

दुखणं तिथंच आहे. "लग्न" हा विषय चर्चेला फार मोठा. त्यावर प्रत्येकाचं मत घरूनच तयार असतं. मधे एक वस्तू ठेवा: जुनी निमंत्रणपत्रिका, कौटुंबिक फोटो, जाहिरात, एकमेकींना छेद देणाऱ्या दोन म्हणी. पहिली पाच-सात मिनिटं फक्त दिसतं ते सांगायचं, "असावं" आणि "बहुतेक" बंद. पत्रिका असेल तर कुणाचं नाव आधी, कुणाचं नाव नाहीच, कोणतं नातं लिहिलंय. मग ही कुणासाठी छापली? काय गाळलं? स्वतःचा अनुभव सगळ्यांत शेवटी. हा क्रम उलटला की तुमची चौथी अडचण हमखास.

"आमच्या वेळी" म्हणणाऱ्याला तोडू नका. माल्कम नोल्स यांच्या प्रौढशिक्षणाच्या मांडणीत शिकणाऱ्याचा अनुभव हीच वर्गाची साधनसामग्री मानली आहे. फक्त तो नेमका करून घ्या: साधारण कोणतं साल? हे घरात कोण ठरवायचं? न पाळल्यास काय व्हायचं? अशा तीन प्रश्नांत तक्रारीची माहिती होते.

एक पथ्य कडक पाळा. "तुमच्यात कसं असतं हो?" असं कुणालाही विचारायचं नाही. माणूस स्वतःपुरतं बोलायला आलेला असतो, अख्ख्या समाजाच्या वतीनं नव्हे. आणि "मी पास" म्हणायची मुभा पहिल्याच दिवशी सांगून ठेवा.

धागाकर्ता

जोड्या त्यांच्या त्यांना लावू द्याव्यात की मी लावाव्यात?

प्रतिसाद २

सुरुवातीला तुम्हीच लावा. नवरा-बायको, जुने मित्र, एकत्र येणारे शेजारी यांना वेगळं करा. त्यांची मतं एकमेकांना पाठ असतात. विषम संख्या झाली तर एक त्रिकूट करा, तुम्ही जोडीदार म्हणून बसू नका. ती सात मिनिटं फिरत ऐका, आणि गप्प राहणाऱ्या कुणी जोडीत चांगला मुद्दा काढला असेल तर मोठी चर्चा सुरू होण्याआधी हळूच विचारून ठेवा, "हे सगळ्यांना सांगाल का?" हो म्हणाले तर सुरुवात त्यांच्यापासून.