स्टेपनी खाली उतरेना, रॉड फिरतोय पण चाक जागचं हलत नाय

जुळेसोलापूरवाला
मंडळी जरा मदत पाहिजे. गाडी जुनी डिझेल सेव्हन सीटर आहे, स्टेपनी मागं पोटाखाली वायररोपवर लटकवलेली असते तसली. परवा बार्शीहून येताना मागचा डावा टायर बसला, पंक्चरवाल्यानं लई झटापट केली पण स्टेपनी काय खाली आली नाय, शेवटी त्याच टायरला स्ट्रिप मारून घरी आलो. बंपरच्या भोकातून रॉड घातला की बरोबर बसतोय. उजवीकडं फिरवला की कटकट वाजतं, डावीकडं फिरवला की आरामात फिरतो, पण चाक वरच चिकटलेलं. पावसाळ्यात गाडी शेतात जाऊन आलीय, खाली काळ्या मातीचा नुसता गिलावा वाळून बसलाय. पुढच्या आठवड्यात फॅमिली घेऊन हैदराबादला जायचंय. गॅरेजवाला म्हणतो ग्राइंडरनं कापू अन् नवीन बसवू. कापायच्या आधी काय करून बघू? जॅकवर घेऊन खाली झोपून ओढली तर येईल का?

कडकभाकरी
इम्पॅक्ट गन लाव बे, दोन मिनिटात खाली.

अक्कलकोटरोड_एमआयडीसी
गन अजिबात लावू नका ओ. त्या विंचमधले, म्हणजे वायररोप गुंडाळणाऱ्या यंत्रातले, गिअर हातानं फिरवायच्या हिशोबाचे असतात, गन लावली की दात जातात आणि मग खरंच कापायची वेळ येते.

तुम्ही लिहिलंय त्यावरून सांगतो. उजवीकडं कटकट वाजतं त्यात बिघाड काय नाय, पूर्ण टाइट झाल्यावर विंचमधला क्लच सरकतो त्याचा आवाज आहे तो. बहुतेक गाड्यांना मागून बघताना डावीकडं फिरवलं की खाली, उजवीकडं वर. तुमचा रॉड डावीकडं आरामात फिरतोय म्हणजे दोनच गोष्टी. एक तर रोप सैल पडलाय आणि चाक माती-गंजानं वरच्या ब्रॅकेटला धरून बसलंय, नायतर विंचचे दात गेलेत. हे कसं ओळखायचं, तर बाजूला बसून टॉर्च मारा आणि रिमच्या मधल्या भोकाकडं बघा. रोपाच्या टोकाला एक आडवी पत्ती असते, चाक त्या पत्तीवर टेकून असतं. पत्ती रिमपासून सुटून खाली लोंबत असंल तर विंच शाबूत आहे, नुसतं चाक चिकटलंय. पत्ती रिमला घट्ट लागलेली असंल आणि रॉड मात्र फिरतोय, तर विंच गेला समजा.

लोंबत असंल तर आता डावीकडं फिरवणं बंद करा, रोप संपला की तो ड्रमवर उलटा गुंडाळायला लागतो आणि मग नवीनच डोकेदुखी. पहिलं वॉशिंग सेंटरला नेऊन खालून प्रेशर मारून घ्या. आपली काळी माती वाळली की सिमेंट, पण भिजली की सुटते, त्यामुळं घाई न करता भिजू द्या. मग रिम जिथं ब्रॅकेटला टेकतो तिथं गंज सोडवायचा स्प्रे मारून रात्रभर ठेवा. सकाळी चाकाखाली लाकडी ठोकळे रचा, चार बोटं जागा सोडून, आणि बाजूनं टायरवर लाकडी हातोडा नायतर लांब टॉमी लावून हलवा. सुटलं की ते एकदम पडतं आणि असलं चाक सहज पंचवीस किलोच्या आसपास भरतं, त्यामुळं ठोकळे पाहिजेतच.

आणि खाली झोपायचं नाय. नुसत्या जॅकवर उभ्या असलेल्या गाडीखाली तर डोकं सुद्धा घालायचं नाय.

शेंगाचटणी_लव्हर
वरच्यांशी शंभर टक्के सहमत. ग्राइंडरचं तर नावच काढू नका, मागं डिझेलची टाकी, पाइप, वायरिंग सगळं जवळ असतंय आणि ठिणग्या कुठं उडतील सांगता येत नाय. कापायचाच झाला तर चाकाला खालून जॅकचा टेकू देऊन हॅकसॉ ब्लेडनं रोप कापायचा, वेळ लागतो पण आग नाय लागत.

अजून एक, कुलूप बघितलं का? हायवेवर स्टेपन्या चोरीला जातात म्हणून लई जण साखळी लावून कुलूप घालतात. सेकंडहँड गाडी असंल तर आधीच्या मालकानं कायतरी लावून ठेवलेलं असतंय आणि चिखलात ते दिसत पण नाय.

जुळेसोलापूरवाला
पत्ती लोंबतच होती! म्हणजे विंच ठीक आहे. कुलूप बिलूप काय नव्हतं. होटगी रोडला वॉशिंग करून आणलं, स्प्रे मारला, आज सकाळी भाऊ आणि मी टॉमी घातली तर दुसऱ्या झटक्याला धाडकन ठोकळ्यावर आलं. ठोकळे नसते तर फरशी गेली असती. आता प्रश्न असा की परत वर बसवताना काय बघायचं, आणि रस्त्यात मागचाच टायर बसला तर गाडी खाली दबते, मग स्टेपनी बंपरखालून बाहेर येते का? परवा नाही तरी तोच घोळ झाला असता.

अक्कलकोटरोड_एमआयडीसी
ते ठोकळे आता डिक्कीतच ठेवा.

बसवताना पत्ती तिरकी करून भोकातून घाला आणि वर ओढताना ती मध्यभागीच बसतेय ना ते बघा, एका कडेला बसली तर टाइट वाटतं पण हादऱ्यानं ढिली होते. कटकट वाजेपर्यंत फिरवा, मग हातानं चाक गदागदा हलवून बघा, जरा पण हललं तर परत खोला. वर चढवायच्या आधी रोप पुसून ग्रीस लावा, रोपाचे धागे तुटलेले दिसले तर रोप बदलूनच घ्या. स्टेपनी पंक्चरच्या दुकानात ठेवून फिरणार असाल तरी रिकामा रोप वर गुंडाळायचा, लोंबता ठेवायचा नाय.

मागचा टायर बसला तर खरंच अडकते कधी कधी. हँडब्रेक, गिअर, पुढच्या चाकाला दगड, एवढं करून आधी जॅकनं मागची बाजू उचला, तेवढ्या उंचीत स्टेपनी बाहेरून ओढून घ्या. ओढायला जॅकचाच रॉड घ्या, त्याच्या हुकानं रिम धरून खेचा, हात गाडीखाली जायचं कारण नाय. जागा असंल तर गाडी हायवेवरून पार बाजूला घेऊनच हे करा. रात्री एकटे असाल तर सरळ १०३३ लावा, नॅशनल हायवेची हेल्पलाइन आहे.

बाळीवेस_९०
स्टेपनी खाली आलीच आहे तर टायरच्या साइडला DOT (डीओटी) छापलेल्या ओळीतले शेवटचे चार आकडे वाचून घ्या. समजा २३१४ असंल तर २०१४ सालातल्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला. नक्षी नवीकोरी असली तरी एवढा जुना टायर सोलापूर-हैदराबाद रोडवर उन्हात शंभरच्या स्पीडनं पळवायचा नाय, रबर आतून कडक झालेलं असतंय. हवा पण चेक करा, बरीच वर्षं कुणी बघितलेली नसणार.

जुळेसोलापूरवाला
बघितलं, ०९१२ आहे. म्हणजे लग्नाच्या आधीचा टायर घेऊन फिरलालोय मी. संध्याकाळी नवीन टाकून घेतो, हैदराबाद त्याशिवाय नाय.

कडकभाकरी
जुना टायर फेकू नको बे, आमच्या ट्रॉलीला दे.