प्लेटलेट कमी असताना हेपारिन कशासाठी?

वर विचारलंय की जंतुसंसर्गात प्लेटलेट ४०,००० वर आल्या असताना डॉक्टर गुठळी रोखणारं हेपारिन का देतात. प्रश्न रास्त आहे.

सेप्सिसमध्ये (जंतुसंसर्गामुळे अवयव बिघडू लागणं) पांढऱ्या पेशींवर टिश्यू फॅक्टर हे रक्त गोठणं सुरू करणारं प्रथिन येतं आणि गुठळी घडवणारं थ्रॉम्बिन बेसुमार तयार होतं. त्याच वेळी पीएआय-१ हे गुठळी विरघळू न देणारं प्रथिन वाढल्याने गुठळ्या विरघळवणारी यंत्रणा जवळपास बंद पडते. मग मूत्रपिंड, फुप्फुसं, बोटांची टोकं इथल्या बारीक रक्तवाहिन्या तुंबतात. प्लेटलेट यातच खर्ची पडतात. म्हणजे आकडा कमी दिसला तरी मूळ दुखणं बहुधा गुठळ्यांचंच असतं, म्हणून रक्तस्राव नसेल तर कमी मात्रेत हेपारिन.

फायब्रिनोजेन (गुठळीचे धागे ज्यापासून बनतात ते प्रथिन) नॉर्मल आलं म्हणून निश्चिंत होऊ नका. संसर्गात यकृत ते जास्त बनवतं, त्यामुळे खर्च झाकला जातो. एकाच रिपोर्टपेक्षा प्लेटलेट, पीटी (रक्त गोठायला लागणारा वेळ) आणि डी-डायमर (गुठळी विरघळताना उरणारे तुकडे) दर काही तासांनी कसे बदलतात ते पाहणं जास्त उपयोगी.

रक्तस्राव होत असेल तर गणित बदलतं: प्लेटलेट ५०,००० च्या वर ठेवायच्या, पीटी लांबलेला असल्यास प्लाझ्मा किलोमागे सुमारे १५ मिली, फायब्रिनोजेन १५० मिग्रॅ/डेसिलिटरच्या खाली राहिल्यास क्रायो (प्लाझ्मापासून काढलेला, फायब्रिनोजेन जास्त असलेला घटक). नुसता आकडा सुधारावा म्हणून हे चढवू नये. ट्रानेक्सॅमिक अ‍ॅसिड हे गुठळी विरघळू न देणारं औषध इथे सहसा टाळतात, कारण गुठळ्या विरघळण्याची क्रिया आधीच दबलेली असते.

आणि पू साचलेला असेल तर तो काढलाच पाहिजे. लवकर अँटिबायोटिक आणि रक्तदाब सावरणं याशिवाय बाकी सगळं तात्पुरतं. सेप्सिससाठी वापरलं जाणारं अ‍ॅक्टिवेटेड प्रोटीन सी हे गुठळीविरोधी औषध फायदा न दिसल्याने २०११ मध्ये बाजारातून मागे घेतलं गेलं.