मदत हवी आहे : आमच्या नावानं कस्टमरला 'बँक अकाऊंट बदललंय' असा मेल गेलाय

नमस्कार मंडळी. शिरोली एमआयडीसीत आमचं छोटं मशिन शॉप आहे, फौंड्रीतनं कास्टिंग येतं ते मशिनिंग करून पुढं पाठवतो. घरचाच धंदा, सासरे (सगळे आण्णाच म्हणतात) शॉप बघतात आणि ऑफिस माझ्याकडं.

परवा पुण्याच्या एका कस्टमरच्या अकाऊंट्समधनं फोन आला, मॅडम तुमचं नवीन बँक अकाऊंट सिस्टीमला टाकतोय पण कॅन्सल्ड चेकवरचं नाव नीट दिसत नाही, परत पाठवा. म्हटलं कसलं नवीन अकाऊंट? त्यांनी मेल दाखवला तर लेटरहेड आमचं, पीओ (पर्चेस ऑर्डर) नंबर आमचा, थकलेल्या बिलाची रक्कम पैशापर्यंत बरोबर, खाली माझी सही, आणि त्याखाली आमचे त्यांच्याशी झालेले जुने मेल जसेच्या तसे. फरक एकच, आमच्या डोमेनमधल्या (मेल पत्त्यात @ च्या पुढचं नाव) एमच्या जागी आर आणि एन शेजारी शेजारी टाकलेत. मोबाईलवर झूम केल्याशिवाय कळत नाही ओ! पैसे गेले नाहीत, त्या बाईंनी फोन केला म्हणून वाचलो.

आता खरा डोक्याला ताप पुढं आहे. पासवर्ड त्याच दिवशी बदलला. मग भाच्यानं वेबमेलची सेटिंग उघडली तर आत एक फिल्टर निघाला, ज्या मेलच्या विषयात इनव्हॉईस किंवा पेमेंट असेल त्याची कॉपी कुठल्यातरी अनोळखी जीमेलवर. पासवर्ड बदलला तरी तो आपला चालूच! तो काढला, पण अजून काय काय लावून ठेवलंय कुणास ठाऊक.

आमच्याकडं एकच मेल आयडी आहे, तो मी, अकाऊंटंट, स्टोअरचा मुलगा, डिस्पॅच आणि आण्णांचा फोन असा सगळीकडं लावलाय, आता मेलच्या लॉगिनला ओटीपी चालू करा म्हणतात पण ओटीपी आण्णांच्या फोनवर जाणार आणि आण्णा मशिनच्या आवाजात फोन उचलत नाहीत, मग बिलं अडकणार. शिवाय डोमेन आणि मेल वेबसाईट करणाऱ्या पोरानं घेऊन दिलेत, सगळं त्याच्याच लॉगिनमध्ये, रिन्यूअल आलं की पैसे मागतो, बाकी फोन उचलत नाही. कुणीतरी डीमार्क (खोटे मेल अडवायची डोमेनवरची सेटिंग) लावा म्हटलं, त्यानं हे थांबेल का? आणि पैसे गेलेच नाहीत तर पोलीस तक्रार घेतात का?

प्रतिसाद १
ताई, फिल्टर काढलात ते उत्तम, पण तेवढ्यावर थांबू नका. ऑटो फॉरवर्ड वेगळ्या पानावर असतं ते बघा, रिकव्हरीचा नंबर आणि मेल तुमचाच आहे का बघा, ॲप पासवर्ड (दुसऱ्या ॲपला मेल उघडायला दिलेले वेगळे पासवर्ड) असतील तर उडवा, सगळ्या डिव्हाईसमधून लॉगआऊट करा आणि मग पासवर्ड परत एकदा बदला. चोर आधीच लॉगिन होऊन बसला असेल तर कधी कधी नुसत्या पासवर्डनं तो बाहेर पडत नाही.
पासवर्ड गेला कसा म्हणाल तर आपल्या लाईनीत हमखास 'इन्क्वायरी आहे, ड्रॉईंग बघायला इथं लॉगिन करा' असा मेल येतो. लिंक दाबली की हुबेहूब मेलचं लॉगिन पान. ड्रॉईंगसाठी कुणी मेलचा पासवर्ड मागितला की समजायचं काम गडबडीचं.
प्रत्येकाला स्वतंत्र आयडी द्या आणि आत्ताचा सगळ्यांचा एकच पत्ता ग्रुप करून सगळ्यांना जोडा. ओटीपी एसएमएसवर ठेवू नका, ऑथेंटिकेटर ॲप (फोनवरच कोड बनवणारं) ज्याच्या त्याच्या फोनवर. आण्णांना फोन उचलायची गरजच नाही.
डीमार्क लावाच, एसपीएफ आणि डीकेआयएम (मेल खरंच तुमच्या डोमेनवरून आलाय का ते तपासायच्या सेटिंग) सकट. पण तो तुमचं खरं डोमेन खोटं वापरून पाठवलेले मेल अडवतो. तुमच्या केसमध्ये डोमेनच दुसरं आहे, तिथं डीमार्क काही करू शकत नाही. त्या नकली डोमेनचा रजिस्ट्रार (ज्या कंपनीकडं डोमेन नोंदवलंय ती) हूइजवर (डोमेनची नोंद शोधायची सोय) सापडेल, त्याच्या अब्यूजच्या (गैरवापर कळवायच्या) पत्त्यावर तक्रार टाका.

प्रतिसाद २
मी अकाऊंट्समध्ये आहे, त्या पुण्याच्या बाईंना पहिला एक किलो कंदी पेढा पाठवा.
आम्ही नियमच केलाय, बँक डिटेल बदलल्याचा मेल आला की पार्टीच्या जुन्या, आपल्याकडं आधीपासून असलेल्या नंबरवर फोन. मेलमध्ये दिलेल्या नंबरवर नाही, तो चोराचाच असतो. एनईएफटी-आरटीजीएसला पैसे अकाऊंट नंबरवर जमा होतात, नाव जुळलं नाही म्हणून अडत नाहीत. रिझर्व्ह बँकेनं १ एप्रिल २०२५ पर्यंत नाव दाखवायची सोय द्यायला बँकांना सांगितलं होतं, बेनिफिशरी टाकताना ते नाव वाचा, घाईत ओके दाबू नका.

प्रतिसाद ३
पैसे गेले असते तर तासाभरात १९३० ला (सायबर फसवणुकीची हेल्पलाईन) फोन. नुसता प्रयत्न असला तरी सायबरक्राईम डॉट जीओव्ही डॉट इनवर तक्रार टाकता येते. स्क्रीनशॉट पुरत नाही, फॉरवर्ड केलेलाही नको, कस्टमरकडून मूळ मेल ईएमएल फाईल म्हणून डाऊनलोड करून मागा, त्यात हेडर (मेल कुठून कसा आला त्याची नोंद) राहतो. आणि मेलमधल्या आयएफएससीवरून बँकेची शाखा कळते, त्या बँकेला लेखी कळवा, त्या खात्यात दुसऱ्या कुणाचे पैसे येऊन पडत असतील.

धागाकर्ती
सगळ्यांचे आभार. ईएमएल मागवली, तक्रार टाकली, ॲप पासवर्डात एक अनोळखी सापडला तो उडवला. सगळ्या कस्टमरना फोन केले (तेव्हा कळलं, अजून एका पार्टीला तसाच मेल गेला होता, त्यांनी वाचलाच नव्हता). इनव्हॉईसवर आता बँक डिटेलखाली छापतोय, 'खाते बदलल्यास आम्ही समक्ष किंवा फोनवरच कळवू'. आण्णांना ते फार आवडलं, म्हणाले मोठ्या अक्षरात छाप.
राहिलं ते डोमेनचं. तो पोरगा म्हणतो ट्रान्सफर होत नाही.

प्रतिसाद १
होतं ताई, न व्हायला काय झालं. आधी हूइजवर मालक म्हणून कुणाचं नाव आहे ते बघा. त्या पोराला लेखी मेल टाका की डोमेन अनलॉक करून ऑथ कोड (ट्रान्सफरला लागणारा कोड) द्या, सोबत रिन्यूअलला तुम्ही पैसे दिल्याच्या पावत्या जोडा. तरी टाळाटाळ केली तर त्याच पावत्या घेऊन थेट रजिस्ट्रारशी बोला. आणि हे सगळं पुढचं रिन्यूअल यायच्या आत.