मे महिन्यात विणकामाचा उत्साह कसा टिकवता?

सुलटउलट, नागपूर:
दिवाळीनंतर गारवा आला की हात आपोआप सुयांकडे वळतात. पण मे महिन्यात पारा ४५च्या घरात गेला की कूलरसमोर बसूनही लोकर मांडीवर घेववत नाही. भाचीच्या स्वेटरची पाठ, पुढचे भाग, एक बाही झाली. दुसरी बाही पडून आहे. मला विणकाम सोडायचं नाहीये, तुम्ही काय करता?

बर्डीवाली:
अगं, उन्हाळ्यात लोकर बाजूला ठेव नं! सुती धागा घे, छोटे चौकोन विण, आणि प्रत्येकात नवी वीण करून पाहा. साबुदाणा वीण घे आधी: एक सुलट टाका, एक उलट टाका, आणि पुढच्या ओळीत सुलट दिसेल त्यावर उलट. चार बोटं विणून झालं की दाणे असे उठून दिसतात की सुया खाली ठेववत नाहीत. फक्त सुती धाग्याला लोकरीसारखी लवचीकता नसते, म्हणून काठ बारीक सुईवर घाल. घामेजल्या हातात स्टीलची सुई सटकते, बांबूची बरी.

गुंडा:
पुढच्या वेळी लांब गोल सुईवर (लवचीक दोरीने जोडलेल्या दोन टोकांची सुई) लोकरीचे दोन गुंडे लावून दोन्ही बाह्या सोबतच विणा. दुसरी उरतच नाही, मापही सारखं येतं.

सुलटउलट, नागपूर:
साबुदाणा आजच घालते, ताई. चौकोन जोडून बाळासाठी दुपटं होईल का? शिवण टोचणार तर नाही?

बर्डीवाली:
होईल की! काठाचे टाके समोरासमोर ठेवून सैल शिव, शिवण सपाट बसते.