कर्जतला दोन दिवसांचं गॉथिक कॅलिग्राफी वर्कशॉप, जावं का?

मुलुंडकर
नमस्कार मंडळी. पुढच्या महिन्यात कर्जतजवळ एका फार्महाऊसवर गॉथिक कॅलिग्राफीचं (युरोपातली जुनी, जाड-टोकदार रोमन अक्षरं) निवासी वर्कशॉप आहे, शनिवार-रविवार, राहणं-जेवण धरून साडेसात हजार. मी बँकेत नोकरी करते, शाळेत फळ्यावर सुविचार लिहायचं काम कायम माझ्याकडे असायचं. तीन महिने यूट्यूब बघून चपट्या रुंद निबच्या पायलट पॅरलल पेनने गिरवतेय, सुटी अक्षरं बरी येतात पण शब्द लिहिला की मध्येच दात पडल्यासारखं दिसतं. दोन दिवसांत हाताला खरंच काही लागतं का? माझी बहीण पण यायचं म्हणतेय, ती देवनागरी बोरूने छान लिहिते, तिला सोपं जाईल ना?

टाक_दौत
जा ताई. मी गेल्या वर्षी असंच एक केलं, पहिल्या दिवशी जेवणापर्यंत एकही अक्षर नाही, नुसत्या उभ्या रेघा, वर-खाली पत्त्यातल्या चौकटसारखा ठिपका. टेक्स्टुरा या गॉथिक लिपीत आय, एन, एम, यू सगळं त्याच रेघेतून होतं. रोमनमध्ये 'मिनिमम' लिहून बघा, ओळीने 15 सारख्या रेघा! आय ओळखू यावा म्हणून तर त्याच्या डोक्यावर खूण द्यायला लागले. टेक्स्टुरा म्हणजे विणलेलं, आणि विणीतली भोकं सारखी नकोत का? तुमचे 'पडलेले दात' तिथेच आहेत, अक्षराच्या पोटातली पांढरी जागा आणि दोन अक्षरांमधली जागा एकसारखी दिसली पाहिजे. व्हिडिओ बघताना हे कळलं होतं, पण शिकवणाऱ्या बाई शेजारी बसून माझ्या निबचा कोन परत परत 45 अंशांवर आणत होत्या तेव्हा हाताला समजलं. आणि आखून लिहा, अक्षराची उंची निबच्या रुंदीच्या पाचपट, म्हणजे 3.8 मिलिमीटरच्या पेनला 19 मिलिमीटर.

गिरगावचा_बोरू
बहिणीला आधीच सांगून ठेवा, पहिले काही तास तिला तुमच्यापेक्षा जड जातील. आपल्या बोरूचा काप रोमनच्या उलट तिरका असतो. देवनागरीत उजवीकडून डावीकडे खाली येणारी रेघ जाड, रोमनमध्ये डावीकडून उजवीकडे खाली जाणारी जाड. माझा हात वीस वर्षं देवनागरीत बसलेला, त्यामुळे तो सारखा जुन्या कोनावर जायचा आणि मला फार त्रास झाला. पण दाब, श्वास, रेघ न थांबता ओढणं हे सगळं कामी येतं, एकदा कोन बसला की ती पुढे जाईल.

शाई_कागद
माझं मत थोडं वेगळं. पैसे भरायच्या आधी विचारा की नक्की कोणती लिपी शिकवणार. गॉथिक हे एका लिपीचं नाव नाही, टेक्स्टुरा, रोटुंडा, श्वाबाखर, फ्राक्टुर असं अख्खं कुटुंब आहे. जर्मन मुद्रक गुटेनबर्गच्या 1455 च्या सुमाराच्या छापील बायबलचा टाइप टेक्स्टुराच्या वळणाचा, फ्राक्टुर सोळाव्या शतकातली जर्मन, तिच्या कॅपिटलमधले वळसे दोन दिवसांत होत नाहीत हो. चारही शिकवतो म्हणत असतील तर जाऊ नका, त्यापेक्षा दादर-ठाण्याकडे रविवारचा क्लास शोधा. एकच टेक्स्टुरा, तीही स्मॉल लेटर्स, असं असेल तर डोळे मिटून जा.
आणि पॅरलल पेनमध्ये वॉटरप्रूफ ड्रॉइंग इंक अजिबात भरू नका, आत सुकून पेन कायमचं जाम होतं, माझं एक गेलंय. कागद अब्दुल रहमान स्ट्रीटला स्वस्त मिळेल, पण पावसाळ्यात उघडा ठेवू नका, आपल्याकडच्या दमटपणात साध्या कागदावर शाई फुटते आणि दोष हाताचा वाटतो.

मुलुंडकर
सगळ्यांचे मनापासून आभार. फोन करून विचारलं, टेक्स्टुराच आहे, स्मॉल लेटर्स, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी एक ओळ पूर्ण लिहून घेणार. काल रात्री 19 मिलिमीटरच्या रेघा आखून 'मिनिमम' लिहिलं, सातव्या रेघेपर्यंत वीण नीट आली, पुढे माझा कोन सुटला ते मलाच दिसलं. तीन महिन्यांत पहिल्यांदा दिसलं. बहीण बोरूचा काप ऐकून जास्तच हट्टाला पेटलीये, दोघींचे पैसे भरले.

गिरगावचा_बोरू
वा! परत आल्यावर दोघींची ती शेवटची ओळ इथे टाका, बहिणीची आधी.