बंड्याने मेलेला ससा खाल्लाय, किती दिवस लक्ष ठेवायचं?

नमस्कार मंडळी,

परवा पहाटे फिरताना आमचा कुत्रा बंड्या (वय ४, वजन २२ किलो) झुडपात घुसला. हाका मारून घसा बसला तरी महाशय बाहेर येईनात. आत डोकावले तर फुगलेला रानससा, वर माशा, आणि हा मान तिरकी करून कडाकडा चावतोय. तोंडात हात घालून जेमतेम एक कान ओढून काढला. सशाचा. बाकी ऐवज पोटात.

त्याच रात्री एकदा ओकला, त्यात केसांचा गोळा होता. काल दोनदा पातळ शी. आज खातोय, उड्या मारतोय, पश्चात्ताप शून्य. रेबीजची लस वेळेवर झालेली आहे. डॉक्टर फोनवर म्हणाले, घरी उलटी काढायला जाऊ नका, हाडाचं टोक वर येताना अन्ननलिकेला इजा करू शकतं.

पण माझ्या डोक्यात वेगळाच किडा वळवळतोय. ससा मेला कशाने? उंदीर मारायचं विष खाऊन मेला असेल तर?

प्रतिसाद १
हा किडा रास्त आहे. त्यातली रक्त गोठू न देणारी विषं लगेच काही दाखवत नाहीत, ३ ते ५ दिवसांनी हिरड्या पांढऱ्या पडणं, नाकातून रक्त, धाप, काळी शी असं सुरू होतं. शंका असेल तर लक्षणांची वाट बघू नका. खाल्ल्यापासून ४८ ते ७२ तासांच्या दरम्यान रक्त गोठायला किती वेळ लागतो ती तपासणी करून घ्या, म्हणजे उद्यापर्यंत. त्यावर व्हिटॅमिन के१ हे चांगलं औषध आहे, पण ते डॉक्टरांनीच द्यायचं.

प्रतिसाद २
आमच्या कुत्रीला सडक्या मांसातून बॉट्युलिझम (जंतूंच्या विषाने होणारा लकवा) झाला होता. तिसऱ्या दिवशी मागचे पाय लुळे, मग पुढचे, भुंकणंसुद्धा घोगरं. शेपटी मात्र हलवत होती, म्हणून आम्ही एक दिवस उगाच घालवला. तीन आठवड्यांनी उभी राहिली. तेव्हा आठवडाभर त्याची चाल बघत राहा. सारखा ओकायला लागला, पोट ताणलं किंवा शी बंद झाली तर हाड अडकलं असेल, सरळ दवाखाना गाठा.

जंतांचं म्हणाल तर सशातून आलेला पट्टकृमी वाढायला दीड-दोन महिने लागतात. शीत तांदळाच्या दाण्यासारखे तुकडे दिसतील. प्राझिक्वांटेल असलेलं औषध कधी द्यायचं ते विचारून ठेवा, नेहमीच्या सगळ्या गोळ्यांत ते नसतं.

आणि ताई, हात घातलात म्हणता. हाताला कुठे जखम वगैरे? सशांमधून माणसाला ट्युलारेमिया हा जिवाणूंचा आजार होऊ शकतो. ताप आला, काखेत गाठ आली तर तुमच्या डॉक्टरांना सशाचं आवर्जून सांगा.

धागाकर्ती
दोघांचे आभार. उद्या सकाळी रक्त तपासायला नेतेय. हात साबणाने धुतला होता, पण आत्ता चष्मा लावून बघितलं तर अंगठ्याच्या नखाशेजारी ओरखडा आहे. मीही दाखवून येते.